हेवी बँडसाठी छोटे अँप हेड: ऑरेंज मायक्रो डार्क आणि त्याच्या पंक्तीतली इतर हेड

कोल्हापुरात हेवी मेटल वाजवणाऱ्या बँडला गिटारचा अँप निवडताना पुण्या-मुंबईच्या बँडपेक्षा वेगळा हिशेब करावा लागतो. तिथे सरावाची खोली तासावर भाड्याने मिळते, त्या खोलीत मोठे अँप आधीच मांडलेले असतात आणि कार्यक्रमाच्या ठिकाणीही बहुधा कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचे खोके, उभे असते. इथे सराव घराच्या वरच्या मजल्यावर, मित्राच्या गोदामात किंवा उद्यमनगरातल्या सुट्टीच्या दिवशी बंद असलेल्या शेडमध्ये होतो. कार्यक्रम कॉलेजच्या स्नेहसंमेलनात किंवा मंडळाच्या मांडवात होतो. आणि अँप दर वेळी आपला आपणच न्यायचा असतो, तोही पुष्कळदा दुचाकीवरून. हेड म्हणजे स्पीकर नसलेला, कॅबिनेटला जोडायचा अँप. पारंपरिक १०० वॅटचे, ट्यूबवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारे हेड २० किलोच्या घरात जाते, ट्रान्सफॉर्मरचे वजन एका बाजूला असल्यामुळे ते उचलणे आणखी अवघड होते, आणि त्याचा खरा रंग ज्या आवाजाला खुलतो तो आवाज शाहूपुरीतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या कोणत्याही घराला आणि शेजाराला पेलणारा नाही. छोटे हेड ही त्यामुळे आमच्यासारख्या बँडची गरज आहे.

आमच्या बँडमध्ये दोन गिटार, बास आणि पूर्ण ड्रमसेट आहे आणि गिटारचे ट्युनिंग ड्रॉप सी, म्हणजे नेहमीच्या ई ट्युनिंगपेक्षा खाली उतरवलेले, आहे. माझ्या बाजूला ऑरेंज कंपनीचे मायक्रो डार्क हे हेड आहे, आणि त्याच्या पंक्तीतली इतर काही हेड मी मित्रांकडे आणि दुकानांत याच गिटारवर वाजवून पाहिली आहेत. माझे मत आधीच नोंदवतो. घर, सराव आणि माईक लावलेला मंच या तीन ठिकाणांसाठी मायक्रो डार्क विश्वासाने घ्यावे. ज्या बँडला माईकशिवाय, नुसत्या कॅबिनेटच्या जोरावर, जोरकस ड्रमरच्या बरोबरीने उभे राहायचे आहे त्याने मात्र २० वॅटच्या कोणत्याही सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) हेडवर विसंबू नये आणि ५० ते १०० वॅटच्या हेडकडे वळावे. दोन्ही प्रसंगांत पैशाचा मोठा वाटा हेडवर न घालता स्पीकरवर घालावा, हे माझे सर्वांत ठाम मत आहे आणि त्याची कारणे पुढे सविस्तर येतील.

ऑरेंज ही १९६८ साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी. तिने २००६ साली टायनी टेरर नावाचे १५ वॅटचे, ईएल८४ जातीच्या दोन पॉवर ट्यूबवर चालणारे, पत्र्याच्या डब्यासारखे छोटे हेड बाजारात आणले आणि तेव्हापासून जगभरच्या कंपन्यांनी अशी डब्याएवढी हेड बनवायला सुरुवात केली. मायक्रो डार्क हे त्याच घराण्यातले, पण रचनेने वेगळे हेड आहे. त्याच्या प्रीअँपमध्ये (आवाजाला रंग देणाऱ्या पहिल्या टप्प्यात) एक १२एएक्स७ ट्यूब आहे आणि पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा शेवटचा टप्पा) पूर्णपणे सॉलिड स्टेट आहे. वजन किलोच्या आत आहे, शक्ती २० वॅट आहे, आणि वीज लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरमधून मिळते. पुढच्या बाजूला गेन (विकृतीचे, म्हणजे डिस्टॉर्शनचे, प्रमाण ठरवणारा), शेप आणि व्हॉल्यूम असे तीनच नॉब आहेत. मागे स्पीकरचे एक आउटपुट आहे, इफेक्ट्स लूप (प्रीअँपच्या नंतर पेडल जोडायची जागा) आहे, आणि कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणारे हेडफोनचे आउटपुट आहे. चॅनल, म्हणजे आवाजाची स्वतंत्र मांडणी, एकच आहे. पायाने बदलण्याची सोय नाही.

तीन नॉब पाहून अनेकांचा हिरमोड होतो, कारण हेवी वाजवणाऱ्याला बास, मिड आणि ट्रेबल (खालचा, मधला आणि वरचा पट्टा) वेगवेगळे हाताळायची सवय असते. इथे ते सर्व काम शेप या एकाच नॉबवर सोपवलेले आहे. तो एका टोकाला नेला की मिड्स पुढे येतात आणि आवाज जुन्या ब्रिटिश धाटणीचा, दाणेदार होतो. दुसऱ्या टोकाला नेला की मिड्स खोल जातात आणि आवाज आधुनिक मेटलच्या ओळखीचा, खाली जड आणि वर धारदार असा होतो. खोलीत एकटे वाजवताना हे दुसरे टोक फार मोहक वाटते. बँडबरोबर वाजवताना मात्र गिटार त्याच टोकाला गायब होते, कारण गिटारला जागा मिळते ती मिड्समध्येच. खालची जागा बास आणि किक ड्रमने व्यापलेली असते आणि वरची जागा झांजांनी. मी शेप मध्यावरून थोडा मिड्सच्या बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या गिटारवादकाला त्याच्या अँपवर किंचित उलट दिशेला जायला सांगतो, म्हणजे दोन गिटार एकमेकींच्या अंगावर चढत नाहीत.

गेनच्या बाबतीत हे हेड उदार आहे, किंबहुना गरजेपेक्षा अधिक उदार आहे. गेन पूर्ण उघडला की ड्रॉप सी मधली सहावी तार, जिची मूळ कंपने सुमारे ६५ हर्ट्झ असतात, पसरट आणि मऊ वाजू लागते, आणि तळव्याने दाबून वाजवलेल्या जलद रिफमधले (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीतले) दोन फटके एकमेकांत मिसळतात. गेन अर्ध्याच्या थोडा वर ठेवावा, आणि अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल लावून त्याचा ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल जास्त ठेवावी. या पेडलच्या मूळ सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या कंपनांना क्रमाने कमी उठाव मिळतो. त्यामुळे अँपच्या प्रीअँपमध्ये खर्जाचा लोंढा शिरत नाही आणि विकृती घट्ट, तुटक, स्पष्ट राहते. मायक्रो डार्क आणि हा पेडल ही जोडी इतकी उपकारक आहे की हेडचे मूल्यमापन करताना मी दोहोंना एकच वस्तू समजतो. पेडलशिवाय हे हेड संथ, जड, डूम धाटणीच्या संगीताला अधिक शोभते. पेडलसह ते थ्रॅशच्या वेगाला पुरे पडते.

स्वच्छ आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गेन कमी करून तो मिळतो आणि चांगला मिळतो, पण गाण्याच्या मध्ये चॅनल बदलता येत नसल्यामुळे गिटारचाच व्हॉल्यूम नॉब कमी करून काम भागवावे लागते. ज्यांच्या गाण्यांत शांत आणि प्रचंड असे भाग सतत आलटून पालटून येतात त्यांना ही अडचण खरीच जाणवेल, आणि त्यांनी दोन चॅनलचे हेड पाहावे.

आता वॅटच्या प्रश्नाकडे येतो, कारण या विषयात सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत आणि सर्वाधिक पैसेही इथेच चुकीच्या ठिकाणी जातात. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात शक्ती दुप्पट केल्यावर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती, लागते. याचा अर्थ २० वॅट आणि १०० वॅट यांतला फरक सुमारे ७ डेसिबलचा आहे. मोठा आहे, पण आकड्यांवरून वाटतो तितका नाही. दुसरीकडे, प्रत्येक स्पीकरची स्वतःची संवेदनशीलता असते, म्हणजे १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर तो किती डेसिबल आवाज देतो हे मापलेले असते. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या स्पीकरची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे आणि त्याच कंपनीच्या जी१२टी-७५ या स्पीकरची ९७ डेसिबल आहे. हा ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्ती दुप्पट करण्याइतकाच फरक होय. व्हिंटेज ३० वर ५० वॅट आणि जी१२टी-७५ वर १०० वॅट यांचा आवाज कागदावर सारखाच, सुमारे ११७ डेसिबल, येतो. मायक्रो डार्कचे २० वॅट एका व्हिंटेज ३० वर सुमारे ११३ डेसिबलपर्यंत जातात, आणि तीच शक्ती असे दोन स्पीकर असलेल्या कॅबिनेटला दिली तर त्यात आणखी सुमारे ३ डेसिबलची भर पडते.

एवढा आवाज बंद खोलीत ड्रमसेटबरोबर वाजवायला पुरतो, याचा आम्ही नेहमी अनुभव घेतो. मग २० वॅटवर विसंबू नये असे मी का म्हणतो, तर कागदावरचा हा आकडा हेड पूर्ण ताणलेले असताना येतो, आणि सॉलिड स्टेट पॉवर अँप ताणाच्या टोकाला गेला की त्याचा आवाज कर्कश होतो. ट्यूबचे पॉवर अँप टोकाला जाताना हळूहळू दबते, गोल होते, आणि ते दबणे कानाला गोडही लागते. म्हणूनच २० वॅटचे ट्यूब हेड २० वॅटच्या सॉलिड स्टेट हेडपेक्षा मोठे भासते. सॉलिड स्टेटची सगळी गंमत तो टोकाला न नेण्यात आहे. शिवाय खालच्या तारांना अधिक शक्ती लागते. जे हेड ई ट्युनिंगमध्ये, जिथे सहाव्या तारेची कंपने सुमारे ८२ हर्ट्झ असतात, आरामात वाजते तेच ड्रॉप सी मध्ये धापा टाकू लागते. हातात शिल्लक राहणारी ही ताकद हेवी बँडसाठी सर्वांत महत्त्वाची असते, आणि ती वॅटमधून येते तितकीच संवेदनशील स्पीकरमधूनही येते. सराव करताना मायक्रो डार्कचा व्हॉल्यूम पाऊण नॉबाच्या पुढे न्यावा लागत असेल तर हेड बदलण्याआधी स्पीकर तपासावा.

ओहमची, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाची, बाजू थोडक्यात पण काळजीपूर्वक सांगितली पाहिजे, कारण इथे चूक झाली तर हेड जळते. मायक्रो डार्कला किमान ८ ओहमचा भार लागतो. १६ ओहमचे कॅबिनेट लावले तर धोका नाही, फक्त शक्ती जवळजवळ निम्मी होते. ४ ओहमचे कॅबिनेट मात्र लावू नये. स्पीकर जोडताना ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, एकसर जोडले की १६ ओहम होतात. ८ ओहम हवे असतील तर १६ ओहमचे दोन स्पीकर घेऊन समांतर जोडावे लागतात. कॅबिनेट बनवून घेताना हे आधी ठरवावे लागते, कारण स्पीकर विकत घेतल्यानंतर त्याचे ओहम बदलता येत नाहीत. पूर्ण ट्यूबच्या हेडचा नियम आणखी कडक आहे: त्याच्या आउटपुटवर लिहिलेल्या ओहमचेच कॅबिनेट लावावे, आणि स्पीकर न जोडता ते कधीही वाजवू नये, कारण त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये स्पीकरचीच वायर वापरावी. गिटारची शील्ड असलेली वायर या कामासाठी नसते.

जाहिरातीतले वॅट वाचतानाही ओहम लक्षात ठेवावे लागतात. व्हॉक्सच्या एमव्ही ५० या हेडचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. हे हेड मायक्रो डार्कपेक्षाही छोटे आणि हलके आहे आणि त्यात कॉर्ग व नोरिटाके या कंपन्यांनी मिळून विकसित केलेली न्यूट्यूब नावाची चपटी ट्यूब आहे. त्याचे ५० वॅट ४ ओहमवर मिळतात, ८ ओहमवर २५ आणि १६ ओहमवर साडेबारा. पुण्यातल्या एखाद्या मंचावर उभ्या असलेल्या चार स्पीकरच्या १६ ओहमच्या कॅबिनेटला ते जोडले, तर नावातले ५० वॅट कागदावरच राहतात. ४ ओहमचे कॅबिनेट सोबत असेल तर मात्र हे हेड आकाराच्या मानाने थक्क करणारी ताकद देते. त्याच्या हाय गेन आवृत्तीचा आवाज मला मायक्रो डार्कपेक्षा सपाट वाटला, पण ताकद आणि वजन यांच्या प्रमाणात त्याच्या जवळ जाणारे हेड मी वाजवलेले नाही. त्यात इफेक्ट्स लूप नाही, ही उणीव डिले आणि रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा देणारे इफेक्ट) वापरणाऱ्याला खुपेल, कारण जड विकृतीच्या आधी डिले लावला की सगळा चिखल होतो.

स्वस्तात पाहायचे तर जोयोची बँटँप मालिका आहे. २० वॅट, एक १२एएक्स७ ट्यूब, बाहेरचा अडॅप्टर, म्हणजे रचना मायक्रो डार्कच्याच वाटेने जाणारी. शिवाय दोन चॅनल आणि ब्लूटूथ. त्यातले झोंबी नावाचे हेड हेवी संगीतासाठी आहे. नुकती सुरुवात करणाऱ्या कॉलेजच्या बँडला मी तेच सुचवतो, कारण उरलेले पैसे स्पीकरला लावता येतात, आणि चांगल्या स्पीकरवरचे झोंबी सामान्य स्पीकरवरच्या मायक्रो डार्कपेक्षा निर्विवाद सरस वाजते.

ट्यूबच्या हेडमध्ये मला सर्वांत आवडलेले हेड म्हणजे पीव्हीचे ६५०५ एमएच. याच्या नावामागचा इतिहास मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकाला जिव्हाळ्याचा आहे. पीव्हीने १९९२ साली गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्यासाठी ५१५० हे १२० वॅटचे हेड काढले; पुढे व्हॅन हेलन कंपनीपासून वेगळे झाल्यावर त्याच हेडला ६५०५ हे नाव मिळाले, ज्यात कंपनीची १९६५ ते २००५ ही चाळीस वर्षे गुंफलेली आहेत. मधल्या काळात हा आवाज मेटलच्या ध्वनिमुद्रणांत इतका रुजला की आज आपण ज्याला आधुनिक मेटलचा आवाज म्हणतो त्याचा मोठा भाग याच सर्किटमधून आलेला आहे. छोट्या एमएच आवृत्तीत ईएल८४ च्या दोन ट्यूब आहेत, शक्ती २० वॅट आहे आणि ती ५ किंवा १ वॅटपर्यंत उतरवता येते. दोन चॅनल आहेत आणि माईकशिवाय थेट मिक्सरला जाणारे आउटपुटही आहे. विकृतीचा पोत मायक्रो डार्कपेक्षा बारीक आणि अधिक समृद्ध आहे, यात शंका नाही. १ वॅटवर ते घरातही वाजवता येते, आणि ही सोय आपल्याकडे मोलाची आहे, कारण ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि दाट वस्तीच्या पेठेत तेवढाच शेजारधर्मही आहे. ईव्हीएचचे ५१५०-३ एलबीएक्स हे १५ वॅटचे हेडही याच कुळातले आणि याच तोलाचे आहे.

तरीही कोल्हापुरात बाहेर वाजवायला मी ट्यूबचे हेड नेत नाही. मंडळाच्या मांडवात वीज पुष्कळदा जनरेटरवरून येते, तिच्यावरच दिव्यांच्या माळा आणि डॉल्बी चालतात, आणि डॉल्बीच्या प्रत्येक दणक्याबरोबर व्होल्टेज खाली-वर होते. पूर्ण ट्यूबच्या हेडमधल्या पारंपरिक ट्रान्सफॉर्मरला येणारे व्होल्टेज वर-खाली झाले की ट्यूबना मिळणारी वीजही तशीच वर-खाली होते आणि आवाजाचा घट्टपणा जातो. मायक्रो डार्कसारख्या हेडचा अडॅप्टर असे चढउतार स्वतःच सांभाळून घेतो आणि हेडला स्थिर वीज देतो. परदेशातून कोणी नातेवाईक हेड आणणार असेल तर हीच बाब पुन्हा तपासावी: अमेरिकेतले ट्यूब हेड १२० व्होल्टचे असते आणि आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावता येत नाही. जुन्या घरांत अर्थिंग नसते आणि त्यामुळे जास्त गेनला सतत घोंघाट ऐकू येतो. तो अँपचा दोष समजून हेड परत करणारे लोक मी पाहिले आहेत. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि मगच हेडबद्दल मत बनवावे.

ट्यूबशिवाय मेटल वाजत नाही, असे ठामपणे सांगणारे वादक अजून भेटतात. पँटेरा बँडचे गिटारवादक डाइमबॅग डॅरेल यांनी आपला प्रसिद्ध, कापत जाणारा आवाज रँडल कंपनीच्या सॉलिड स्टेट अँपवर उभा केला, एवढे उदाहरण पुरेसे आहे. घट्ट, तत्काळ उत्तर देणारा खर्ज ही सॉलिड स्टेटची अंगची गोष्ट आहे आणि जलद रिफसाठी ती वरदान ठरते.

यासाठीच माईकशिवाय वाजवणाऱ्या बँडला मी क्लास डी (हलक्या, कमी तापणाऱ्या सॉलिड स्टेट जातीच्या) पॉवर अँपच्या हेडकडे पाठवतो. ब्लॅकस्टारचे अँप्ड ३ हे १०० वॅटचे यंत्र पेडलच्या आकारात, जमिनीवर ठेवण्यासाठी बनवलेले आहे. चॅनल पायाने बदलता येतात आणि कॅबिनेटची नक्कल करून थेट मिक्सरला आवाज देण्याचीही सोय आहे. सेमूर डंकनचा पॉवरस्टेज १७० हा नुसता पॉवर अँप आहे, ४ ओहमवर १७० वॅट देतो, आणि ज्यांच्याकडे आधीच चांगला प्रीअँप पेडल किंवा मल्टिइफेक्ट आहे त्यांच्यासाठी तो सर्वांत शहाणा मार्ग आहे. दोन्ही पाठीवरच्या पिशवीत मावतात. किंमत मायक्रो डार्कपेक्षा बरीच जास्त आहे, तरी मोकळ्या मैदानात ही जादा ताकद पहिल्या रिफलाच कळते.

आता स्पीकरकडे. तयार ब्रँडेड कॅबिनेट कोल्हापुरात क्वचित मिळते आणि मागवले तर वाहतुकीचा खर्च जड जातो. परंतु या शहरात डॉल्बीची खोकी बनवणारे कसबी सुतार आहेत, आणि त्यांच्याकडून दोन स्पीकरचे गिटार कॅबिनेट उत्तम बनवून घेता येते. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय सांगावा, पार्टिकल बोर्ड टाळावा, मागची बाजू पूर्ण बंद ठेवावी म्हणजे खर्ज घट्ट राहतो, आणि सांधे गोंद व स्क्रू दोन्हींनी पक्के करून घ्यावेत. डॉल्बीच्या सवयीने सुतार पुढे हवेसाठी भोक ठेवायला निघतो. गिटारला ते नको, हे आधीच स्पष्ट सांगावे. आपल्याकडच्या पावसात प्लायच्या उघड्या कडा ओल धरतात आणि फुगतात, म्हणून आतूनही वॉर्निशचा हात मारून घ्यावा. डॉल्बीचा स्पीकर मात्र या खोक्यात बसवू नये. गिटारचा १२ इंची स्पीकर सुमारे ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो आणि त्यामुळेच विकृती गोड लागते. साउंडचा पूर्ण पट्ट्याचा स्पीकर तो सगळा किचकिचाट जसाच्या तसा बाहेर टाकतो.

मंचावर छोट्या हेडचे यश साउंडवाल्या माणसावर अवलंबून असते, आणि आपल्याकडचे साउंडवाले गाण्याच्या आणि ढोलाच्या आवाजात निष्णात असले तरी गिटारच्या अँपसमोर माईक लावण्याची सवय त्यांच्यापैकी थोड्यांनाच असते. आपला शूर एसएम५७ किंवा तसा माईक आणि छोटा स्टँड सोबत न्यावा, माईक स्पीकरच्या कापडाला जवळजवळ टेकवून, मध्यबिंदूच्या थोडा बाजूला धरावा, आणि साउंडवाल्या दादांना सुरुवातीलाच विनंती करावी की गिटारचा खर्ज १०० हर्ट्झच्या खाली कापा. ती जागा बासची आहे. असा माईक लागला की मायक्रो डार्कचे २० वॅट केवळ आपल्या पायाशी ऐकू येण्यासाठी लागतात, आणि त्या कामासाठी ते भरपूर आहेत. माईकची सोय नसेल आणि हेडफोनच्या आउटपुटमधून थेट मिक्सरला जोडायचा मोह झाला तर निभावते, पण त्यातली कॅबिनेटची नक्कल साधी आहे आणि जलद रिफमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो.

खरेदीपूर्वी पुण्या-मुंबईच्या दुकानात जाऊन वाजवून पाहणार असाल तर स्वतःची गिटार, शक्य तर नेहमीच्याच ट्युनिंगमध्ये, आणि स्वतःचा ओव्हरड्राइव्ह न्या. दुकानातली ई ट्युनिंगची गिटार आणि कोपऱ्यातले उत्तम कॅबिनेट यांवर प्रत्येक हेड सुंदर वाजते. व्हॉल्यूम निम्म्याच्या वर नेऊन सहावी तार दाबून वाजवा, दोन फटक्यांमधली शांतता स्पष्ट राहते का ते ऐका, नंतर सगळ्या तारा मोकळ्या सोडून आवाज कुठे फाटतो ते पाहा. दुकानदार एवढा आवाज करू देत नसेल तर बँडमधल्या दुसऱ्या कोणाला दहा पावले मागे उभे करून मिड्स कसे ऐकू येतात ते विचारा, कारण अँपसमोर उभ्या असलेल्या वादकाला ते कधीच नीट कळत नाहीत.

आमच्या दुसऱ्या गिटारवादकाच्या गाण्यांत स्वच्छ आणि जड भाग सतत बदलतात, म्हणून त्याच्यासाठी आम्ही अँप्ड ३ घेण्याचे ठरवले आहे. मायक्रो डार्क माझ्याकडेच राहील. त्याच्या जोडीला व्हिंटेज ३० चे १६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडलेले, ८ ओहमचे, मागून बंद कॅबिनेट पावसाळ्याआधी सुताराकडे टाकायचे आहे.